गुहेच्या नकाशावर चिन्हं: इंकस्केप की थेरियन?

इंकस्केप हा कुठलंही चित्र काढायचा प्रोग्राम, थेरियन खास गुहांच्या नकाशांसाठीचा. इंकस्केपमध्ये चिन्ह तुम्ही स्वतः रेखाटता. दगडांचा खच, लवणस्तंभ, पाण्याचा प्रवाह, सगळं डोळ्यासमोर. एकच मूळ चिन्ह काढून त्याचे क्लोन पसरवा. मूळ बदललं की सगळे बदलतात. ही सोय मला फार आवडते, आणि हातच्या रेघेचा जिवंतपणाही टिकतो.

थेरियनमध्ये तुम्ही फक्त 'इथे खड्ड्याची कड आहे' एवढं सांगता, त्या कडेवरचे दात, म्हणजे छोट्या रेघा, प्रोग्राम काढतो. ते खोल बाजूला वळलेले हवेत. उलटे पडले तर रेघेची दिशा फिरवायची, झालं. आंतरराष्ट्रीय गुहाशास्त्र संघाची चिन्हं त्यात आधीपासून आहेत. शिकायला मात्र डोकं लावावं लागतं, कारण बरंचसं काम मजकुराच्या फायलींमधून चालतं.

खरा फरक मोजमाप सुधारल्यावर कळतो. नवा वळसा (मोजत मोजत फिरून आधीच्या जागी येणारी वाट) जोडला आणि मध्यरेषा, म्हणजे मोजणीचे बिंदू जोडणारी रेघ, सरकली, की थेरियन भिंतींसकट चिन्हं नव्या जागी बसवतो. इंकस्केपमध्ये ते सगळं हातानं ओढावं लागतं. दोन्ही मोफत आहेत. छोटी, मोजून संपलेली गुहा असेल तर इंकस्केप. सर्वेक्षण अजून चालू असेल तर मी डोळे झाकून थेरियन घेईन.