फिश फाइंडर घेताना: फोनला जोडायचा सोनार की स्वतःचा स्क्रीन असलेला?

फिश फाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळ आणि मासे दाखवणारं यंत्र (यालाच सोनारही म्हणतात), घ्यायचा विचार असेल तर आधी एकच ठरवा: गळ काठावरून टाकता की होडीतून. ब्रँड, किंमत, स्क्रीन किती इंची, हे सगळं त्यानंतर. काठावर उभं राहणाऱ्याला वायरवाल्या यंत्राचा काहीच उपयोग नाही, कारण त्याचा ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा आणि परत ऐकणारा भाग) होडीला बसवावा लागतो. त्याच्यासाठी रॉडनं फेकायचा आणि वायफायवर फोनला जोडायचा सोनार हाच रस्ता. स्वतःची होडी असेल तर आमचं मत सरळ आहे: फोन खिशात राहू द्या आणि छोटा का होईना, स्वतःचा स्क्रीन असलेला युनिट घ्या. डोकं खाजवायची वेळ येते ती कयाक (वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी), रबरी बोट किंवा भाड्याची होडी वापरणाऱ्यांवर.

नेहमी समोर येणारी तीन मॉडेलं शेजारी ठेवून पाहू. आकडे कंपन्यांनी दिलेले आहेत.

| | डीपर प्रो प्लस | गार्मिन स्ट्रायकर कास्ट | गार्मिन स्ट्रायकर ४ |
|---|---|---|---|
| चित्र कुठे दिसतं | फोनवर | फोनवर | स्वतःच्या ३.५ इंची स्क्रीनवर |
| फोनपासून अंतर | १०० मीटरपर्यंत | ६० मीटरपर्यंत | प्रश्नच नाही |
| खोली | ८० मीटर | ४५ मीटर | गोड्या पाण्यात शेकडो मीटर |
| वीज | आतली बॅटरी, ५-६ तास | आतली बॅटरी, सुमारे १० तास | बाहेरची १२ व्होल्ट |

खोलीच्या ओळीवर भुलू नका. खाडीत किंवा धरणाच्या काठाला गळ टाकणाऱ्याचं सगळं काम २० मीटरच्या आत होतं. अंतराची ओळ मात्र नीट वाचा, कारण ती सपाट पाणी आणि मोकळी हवा धरून लिहिलेली असते. वायफायची लहर पाण्यातून जवळपास जातच नाही. सोनार लाटेआड गेला, गवतात शिरला किंवा तुम्ही सोनारकडे पाठ करून उभे राहिलात की चित्र तुटतं. फोन वाळूवर किंवा खडपावर ठेवला तर पल्ला बराच घटतो; छातीच्या उंचीवर गळ्यात अडकवला किंवा काठीला क्लॅम्प केला तर सुधारतो. वाऱ्याच्या दिवशी छापील आकड्याच्या निम्मं अंतर धरून चाला.

फेकण्याचंही एक गणित आहे. प्रो प्लस टेनिस बॉलएवढा आणि १०० ग्रॅमचा. २०-४० ग्रॅम वजन फेकायच्या रॉडनं तो जोरात भिरकावला तर टोक मोडतं, नाहीतर दोरी तुटून सोनार पाण्यातच राहतो. त्यासाठी १०० ग्रॅम वजन पेलणारा वेगळा रॉड आणि ३० पौंडांच्या आसपासची ब्रेड (विणलेली) दोरी लागते, पुढे जाड लीडर, म्हणजे टोकाचा दोरीचा तुकडा. म्हणजे काठावर दोन रॉड आले: एक तळ पाहायला, एक मासा धरायला. हा खर्च बजेटात कोणी धरत नाही. दोरी हळू, एकसारखी गुंडाळायची. झटके दिले की सोनार डुचमळतो आणि तळाची रेघ करवतीसारखी दिसते.

चित्राच्या दर्जात फोनवाला आणि वायरवाला यांत लोकांना वाटतो तेवढा फरक नसतो. फरक पडतो शंकूच्या, म्हणजे खाली पसरत जाणाऱ्या आवाजाच्या झोताच्या, कोनानं. प्रो प्लसला दोन शंकू आहेत: २९० किलोहर्ट्झवर १५ अंशांचा आणि ९० किलोहर्ट्झवर ५५ अंशांचा. १० मीटर खोलीवर पहिला तळाचा सुमारे २.६ मीटर व्यासाचा गोल पाहतो, दुसरा जवळपास १०.४ मीटरचा. रुंद शंकूत जास्त मासे दिसतात म्हणून सगळे तोच लावून ठेवतात. उजनीच्या पसरट फुगवट्यात ते चालून जातं. मुळशी, पानशेत, कोयनेसारख्या डोंगरउताराच्या काठाला तो फसवतो. समजा तळ दोनास एक उताराचा आहे (दोन मीटर आडवं गेलं की एक मीटर खोल) आणि सोनारच्या बरोबर खाली १० मीटर पाणी आहे. यंत्र सगळ्यात आधी परत आलेला आवाज धरतं, आणि तो उताराच्या वरच्या, जवळच्या भागावरून येतो. रुंद शंकू ८.९ मीटर दाखवेल, अरुंद शंकू साधारण ९.५. त्यातून त्या खालच्या मीटरभराच्या पट्ट्यात तळाला चिकटलेला मासा तळाच्या रेघेतच विरघळून जातो. उतारावर अरुंद शंकूच लावा. माशाचं चित्र दाखवणारी सोयही बंद ठेवा. बुडबुडा, पालापाचोळा, झाडाची फांदी, सगळ्याला ती मासा म्हणते.

आणखी एक गोष्ट, जी खोक्यावर बारीक अक्षरात असते. काठावरून फेकत तळाचा नकाशा करायचा असेल तर जीपीएस सोनारमध्येच हवं. साध्या डीपर प्रोमध्ये ते नाही, प्रो प्लसमध्ये आहे. जीपीएस नसलेल्या सोनारसाठी ॲप फोनचं ठिकाण धरतं, आणि फोन तर तुमच्याबरोबर काठावर. होडीमागे हातभर अंतरावर ओढणार असाल तर हा मुद्दा निकाली निघतो.

फोनची बाजू ही सगळ्यात कच्ची. सोनार स्वतःचं वायफाय तयार करतो, पण त्यात इंटरनेट नसतं. अँड्रॉइड फोन ते ओळखतो आणि गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो. चित्र अडकतं आणि दोष सोनारला जातो. क्रम असा ठेवा: घरूनच नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, ॲपला लोकेशनची परवानगी द्या, ॲपवरची बॅटरी बचत काढा. काठावर फोन विमान मोडवर टाकून फक्त वायफाय चालू करा. ‘इंटरनेट नाही, जोडलेलं राहू का’ असं विचारल्यावर हो म्हणा. आयफोनवर लोकल नेटवर्कची परवानगी नाकारलेली असेल तर जोडणी दिसेल पण चित्र येणार नाही.

एप्रिल-मेच्या उन्हात पूर्ण उजेडावर चालणारा फोन तापतो आणि स्वतःहून स्क्रीन मंद करतो, नेमका तेव्हाच जेव्हा काही दिसायला हवं. पोलराइज्ड गॉगल घालून फोन आडवा धरला तर काही स्क्रीन काळेच दिसतात. उभा धरून पाहा. ओल्या बोटांनी स्पर्श भलतीकडेच लागतो. आयपी ६८ ची खात्री गोड्या पाण्याची असते. चार्जिंगच्या भोकात खारं पाणी गेलं तर गंज ठरलेला. खाडीवर फोन पारदर्शक पाऊचमध्येच असावा, बरोबर पॉवर बँक.

खाडीत उधाणाच्या ओहोटीला फेकायचा सोनार जवळजवळ निरुपयोगी होतो. ओढ त्याला दोरीसकट खेचत नेते आणि एका जागेचं चित्र मिळतच नाही. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, ओढ कमी असते तेव्हा) किंवा पाणी थांबतं त्या अर्ध्या-पाऊण तासात काम करा. खारं-गोडं सेटिंगवर लोक उगाच वाद घालतात. आवाजाच्या वेगात फरक सुमारे तीन टक्क्यांचा, म्हणजे १० मीटरला ३० सेंटिमीटर. सोनार ओला तसाच पिशवीत टाकू नका. पाण्याच्या स्पर्शानं चालू होणारी मॉडेलं ओलाव्यात चालूच राहतात आणि पुढच्या खेपेला बॅटरी रिकामी निघते. गोड्या पाण्यानं धुवा, धातूची टोकं पुसा.

स्ट्रायकर ४ सारख्या युनिटची डोकेदुखी वेगळी, आणि ती एकदाच होते. त्याला साधारण पाव अँपिअर लागतो. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरली तरी दिवस निघतो. लाल वायरवर मॅन्युअलमध्ये दिलेल्या ताकदीचा फ्यूज हवाच. ट्रान्सड्यूसर फायबरच्या होडीच्या मागच्या फळीवर, बुडाच्या पातळीखाली ३ मिलिमीटर उतरवून बसवतात. वर राहिला तर बुडबुडे लागतात आणि वेग घेताच चित्र जातं. भाड्याच्या होडीत भोक पाडता येत नाही, तिथे पीव्हीसी पाइपला ट्रान्सड्यूसर बांधून पाइप काठाला क्लॅम्प करायचा. त्याची वायर इंजिनाच्या वायरीजवळून नेऊ नका, स्क्रीनवर आडवे पट्टे येतात. आतून चिकटवायचा प्रकार फक्त एकसंध फायबरच्या बुडाला चालतो. लाकडाला किंवा आत फोम असलेल्या बुडाला नाही.

व्हेक्सिलार सोनारफोनसारखा तिसराही प्रकार आहे: ट्रान्सड्यूसर आणि १२ व्होल्टची डबी होडीत, चित्र फोनवर. आम्ही तो सुचवणार नाही. बॅटरी, वायर, क्लॅम्पची कटकट तीच आणि वर फोनची सगळी दुखणी. कयाकवाल्यानं आठवड्याला एखादी खेप असेल तर फेकायचा सोनार मागे ओढावा, चालण्याच्या वेगाहून जास्त नको. रोजचं काम असेल तर पाइप-क्लॅम्प करून स्ट्रायकर.

घेतल्यावर तपासणी बादलीत होत नाही. इतक्या जवळचा प्रतिध्वनी यंत्राला वाचताच येत नाही. विहीर चालते, पण अरुंद शंकूवर. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत मध्यभागी सोडलेल्या सोनारचा ५५ अंशांचा शंकू पावणेसहा मीटरवरच भिंतीला लागतो. शेजारी दोरीला शिसं बांधून सोडा आणि दोन्ही खोल्या ताडून बघा. तळाला गाळ असेल तर थोडा फरक पडणारच. अर्ध्या मीटरच्या वर गेला तर परत करायची मुदत संपायच्या आत यंत्र बदलून घ्या.