गेमप्ले व्हिडिओवरचे म्युझिक क्लेम: यूट्यूबची टूल्स काही महिने वापरल्यावर

माझ्या इंट्रोच्या ट्यूनवर बसलेला क्लेम, म्हणजे ‘हे संगीत आमचं’ असा दुसऱ्याचा दावा, अखेर सुटला. समोरच्या पार्टीने काही मान्य केलं म्हणून नव्हे, तर माझ्या डिस्प्यूटला (क्लेमवरच्या आक्षेपाला) उत्तर द्यायची 30 दिवसांची मुदत संपली म्हणून. ट्यून एका म्युझिक लायब्ररीतून पैसे भरून घेतलेली, लायसन्सची पावती माझ्याकडे. त्याच लूपवर (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्यावर) कुणीतरी गाणं केलं, ते डिस्ट्रिब्युटरमार्फत कंटेंट आयडीत, म्हणजे व्हिडिओतलं संगीत आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेत गेलं आणि माझ्या व्हिडिओंवर क्लेम यायला लागले. यूट्यूबचा नियम तर सरळ आहे: अनेकांना विकलेले लूप, ज्यांवर तुमचा एकट्याचा हक्क नाही, ते कंटेंट आयडीत टाकायचेच नसतात. तरी टाकतात, आणि निस्तरायचं आपण.

क्लेम आणि स्ट्राइक वेगळे: क्लेममध्ये व्हिडिओची कमाई दुसऱ्याकडे वळते किंवा व्हिडिओ ब्लॉक होतो, स्ट्राइक म्हणजे थेट चॅनलला बसलेली कॉपीराइटची ताकीद.

मी मुख्यतः जीटीए फाइव्ह खेळतो, कॉमेंट्री मराठीत. या गेमची अर्धी मजा रेडिओत आहे आणि सगळा धोकाही तिथेच. गाडीत बसलं की रेडिओ सुरू. तो बंद केला तरी कपड्यांच्या दुकानात गाणं, सिग्नलला शेजारी थांबलेल्या गाडीत गाणं. गेमप्ले टाकायला गेम बनवणाऱ्या रॉकस्टारची आडकाठी नाही, पण त्या गाण्यांचे हक्क ज्या-त्या म्युझिक कंपनीकडे आहेत. ‘मी गेम विकत घेतलाय’ हे कारण डिस्प्यूटमध्ये चालत नाही. डिस्क्रिप्शनमध्ये ‘नो कॉपीराइट इंटेंडेड’ लिहिण्याचाही काडीचा उपयोग नाही.

2024 च्या जुलैत सुधारून आलेलं यूट्यूब एडिटरमधलं ‘इरेज साँग’ (फक्त गाणं पुसणारं टूल) मी आधी वापरायलाच तयार नव्हतो. म्यूट केलं की त्या पट्ट्यातली कॉमेंट्रीही जाते, त्यामुळे एडिटरमधल्या असल्या गोष्टींवरचा विश्वासच उडाला होता. मग एका पाठलागाच्या व्हिडिओत पाऊण मिनिटाचा तुकडा क्लेममध्ये अडकला. फक्त गाणं काढायचा पर्याय निवडला, प्रोसेसिंग होऊ दिलं आणि हेडफोन लावून ऐकलं. ‘अरे डावीकडे घे, डावीकडे!’ हे माझं ओरडणं जसंच्या तसं, टायरचा चीत्कार जागेवर, मागचा ठेका गायब. लिंक तीच, व्ह्यूज तेच, कॉमेंटही तशाच, आणि क्लेम आपोआप निघाला. मनापासून आनंद झाला. गाणं वेगळं काढणं अवघड असेल तर टूल चालणार नाही, हे यूट्यूबने आधीच सांगून ठेवलंय. तिथे ट्रिम किंवा म्यूट आहेच.

पण त्या 30 दिवसांवरचा राग काही जात नाही. गेमप्लेचा नवा व्हिडिओ पहिल्या आठवड्यातच काय तो धावतो. अॅडसेन्सचे, म्हणजे जाहिरातींच्या कमाईचे पैसे 100 डॉलर जमल्याशिवाय हातात येत नाहीत, आणि छोट्या मराठी चॅनलला तिथवर पोचायला किती वेळ लागतो ते आपल्यालाच ठाऊक. त्यात कुणी बिनहक्काचा माणूस येऊन हातातोंडाशी आलेला घास महिनाभर अडवून ठेवतो आणि एका ओळीचं उत्तरही देत नाही.

हे पैसे बुडालेच, असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. नीट वाचल्यावर कळलं की तसं नाही. क्लेम आल्यापासून पाच दिवसांच्या आत डिस्प्यूट टाकला, तर पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला ठेवली जाते आणि निकाल लागेल त्याप्रमाणे मिळते. उशीर केला तर डिस्प्यूटच्या तारखेपासूनचीच. त्यामुळे पैसे बुडाल्याची ओरड मी मागे घेतो. मुदतीबद्दलची तक्रार मात्र कायम. 2022 मध्ये अपिलाला (डिस्प्यूट फेटाळल्यावरच्या पुढच्या पायरीला) उत्तर द्यायची मुदत 30 वरून 7 दिवसांवर आणली. ब्लॉक झालेल्या व्हिडिओला तर डिस्प्यूट वगळून थेट अपील करता येतं. मग जिथे फक्त कमाई वळवली आहे, तिथे पहिल्याच पायरीला महिना कशासाठी?

एक धोका लक्षात ठेवा. अपील फेटाळून समोरच्याने व्हिडिओ काढून टाकायची विनंती केली तर स्ट्राइक बसतो, आणि 90 दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनल जाऊ शकतो. म्हणून रेडिओच्या गाण्यावर मी कधीच डिस्प्यूट टाकत नाही, सरळ इरेज. लायसन्स हातात असेल तरच भांडायचं.

सायबरपंक 2077 मध्ये कॉपीराइटवालं संगीत बंद करायची सोय सेटिंगमध्येच आहे, फोर्झा होरायझन 5 मध्ये त्यासाठीच स्ट्रीमर मोड आहे. तरी डोळे झाकून भरवसा नको. सायबरपंक आला तेव्हा कंपनीनेच सावध केलं होतं की सोय चालू असूनही ब्रेनडान्सच्या (गेममध्ये दुसऱ्याच्या आठवणी अनुभवायच्या) भागात एक गाणं निसटू शकतं.

सध्या ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये माइक एका ट्रॅकवर, गेमचा आवाज दुसऱ्यावर घेतो, म्हणजे वेळ आली तर कॉमेंट्री न गमावता गेमचा तेवढा आवाज कापता येतो. फाइल मोठी होते, हार्ड डिस्क लवकर भरते. अपलोड करताना आधी प्रायव्हेट ठेवतो आणि ‘चेक्स’ (यूट्यूबची कॉपीराइट तपासणी) पूर्ण होईपर्यंत थांबतो. क्लेम आलाच तर तो तिथेच मिटवून मग व्हिडिओ पब्लिक करतो.