डबल बेस, अकरा महिने आणि एक नट

दोन महिन्यांपूर्वी एका कारागिराने माझ्या डबल बेसचा नट वीस मिनिटांत कानशीने घासून खाली आणला आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा ई तारेवरचा एफ हा सूर न दुखता धरला. डबल बेस म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं सर्वांत मोठं, खर्जाचं वाद्य, आणि नट म्हणजे त्याच्या खुंट्यांजवळची खाचांची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात. त्याआधीचे नऊ महिने मी माझ्या बोटांना दोष देत होते. पहिला बेस घेणाऱ्या आणखी कुणाचे नऊ महिने असे जाऊ नयेत, म्हणून हे लिहितेय.

वाद्य तेच, जे पहिल्यांदा घेणारे बहुतेक जण घेतात. थ्री-फोर्थ साइझ, पूर्ण प्लायचं (प्लायवूडचं), बो म्हणजे गज आणि पिशवी यांसकट आलेलं. तारेची बोलती, म्हणजे वाजणाऱ्या भागाची, लांबी १०५ सेंटीमीटर. मागवताना मी महिनाभर प्लाय की हायब्रिड (फक्त वरचा पाट अखंड लाकडाचा), जर्मन पकडीचा बो की फ्रेंच, फिंगरबोर्ड (तारा जिच्यावर दाबतात ती पट्टी) एबनीचा की रंगवलेल्या लाकडाचा, यावर डोकं खपवलं. नटाबद्दल एक अक्षर वाचलं नाही आणि विकणाऱ्यांनीही सांगितलं नाही. ‘सेटअप करून पाठवतो’, म्हणजे वाजवण्याजोगी जुळवणी करून, एवढंच बिलावर होतं.

बेस खोक्यातून निघाला तेव्हा ब्रिज, म्हणजे तारांना दुसऱ्या टोकाशी उचलून धरणारी घोडी, उतरवून वेगळा बांधलेला होता. प्रवासासाठी तसं करतात, त्यात गैर काही नाही. पण ब्रिज उभा केल्यावर त्याच्या पायाखालून कागदाची पट्टी आरपार जात होती. वरच्या पाटाच्या गोलाईला पाय घासून बसवावे लागतात, ते काम झालेलंच नव्हतं. सेटअप म्हणजे काय केलं होतं, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण वाद्य वाजत होतं आणि उघडी ई तार छेडली की छातीत घुमत होतं. एकेचाळीस हर्ट्‌झचा खर्ज पहिल्यांदा स्वतःच्या हातून निघतो तेव्हा कागदाची पट्टी कोण लक्षात ठेवतं.

शिकायला लागले तशी हाफ पोझिशन, म्हणजे हाताची नटालगतची जागा, आली. ज्यांनी बेस हातात घेतला आहे त्यांना सांगायला नको, पण नुकतंच घेणाऱ्यांसाठी सांगते: सुरुवातीचे कित्येक महिने आपण नटाजवळच राहतो. ई तारेवर एफ, ए तारेवर बी फ्लॅट, डी तारेवर ई फ्लॅट. पहिलं बोट नटापासून जेमतेम ६ सेंटीमीटरवर आणि करंगळी तिथून पुढे जवळजवळ ११ सेंटीमीटरवर. त्यात तिसरं बोट स्वतंत्र वापरायचं नाही, ते करंगळीच्या मदतीला. हात आधीच ताणलेला असतो. माझ्या बेसवर त्या जागी तार दाबली की ती दाराच्या बिजागरीसारखी कडक लागायची. वीस मिनिटांत अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची.

तिसऱ्या महिन्यात मी विकणाऱ्यांना फोन केला. उत्तर आलं, ‘नवीन आहात ना, बोटं तयार व्हायची आहेत. वाद्यही मोकळं होईल.’ दोन्ही वाक्यं खोटी नाहीत, म्हणूनच ती पटली. बोटांना घट्टे पडतात, हातात ताकद येते, हे खरंच आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा फोन केला, तेव्हा त्यांनी पैसे घेऊन माणूस पाठवला. त्याने ब्रिज काढला, पाय नीट बसवले, वरून घासून तारा खाली आणल्या. फिंगरबोर्डच्या टोकाशी जी तार ९ मिलिमीटर वर होती ती ६ वर आली. वरच्या पोझिशन्स खरोखर सोप्या झाल्या. मी त्याचे आभार मानले. आणि हाफ पोझिशन जशीच्या तशी कडक राहिली.

त्यावरून मी जो निष्कर्ष काढला तो चुकीचा होता. मला वाटलं, आता वाद्यात काही खोट उरली नाही, म्हणजे कमी माझ्यात आहे. मी सराव वाढवला. सहाव्या महिन्यात अंगठा इतका दुखावला की तीन आठवडे वाद्याला हात लावला नाही. पाण्याचा तांब्या उचलतानाही कळ जायची.

मग एकदा शिकवणीत माझ्या वाद्याचा एन्डपिन (जमिनीवर टेकणारा खालचा दांडा) सटकत होता म्हणून सरांनी त्यांचा बेस माझ्या हातात दिला. एफ लागला. जोर लावला नाही तरी लागला. मी म्हटलं, ‘सर, तुमचं वाद्य भारी आहे, अखंड लाकडातून कोरलेलं आहे.’ ते म्हणाले, ‘तारा तर माझ्या तुझ्यापेक्षा जाड आहेत. थांब जरा.’ त्यांनी माझ्या बेसवर स्वतःच्या बोटाने एफच्या जागी ई तार घट्ट दाबून धरली आणि मला तिथून एक सूर पुढे जी दाबायला सांगितला. तो सहज दाबला गेला. तीच तार, तोच हात. फक्त मधून नट वगळला होता, कारण नटाचं काम आता सरांचं बोट करत होतं.

त्यांनी खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढलं आणि नटाला लागून, तार आणि फिंगरबोर्ड यांच्या फटीत सरकवलं. साधारण एक कार्ड अलगद जावं, एवढीच फट तिथे हवी असते. माझ्या ई तारेखाली सहा कार्डं गेली. म्हणजे जवळजवळ २ मिलिमीटर.

२ मिलिमीटरने एवढा काय फरक पडतो, हे मी घरी येऊन कागदावर मांडलं. तार म्हणजे नट आणि ब्रिज या दोन टेकूंवर ताणलेली सरळ रेघ. ब्रिजकडचा टेकू २ मिलिमीटर खाली आणला, तर नटापासून ६ सेंटीमीटरवर, म्हणजे एफच्या जागी, तार खाली येते जेमतेम एक दशांश मिलिमीटर. बाकीचा सगळा फायदा वरच्या पोझिशन्सना मिळतो. उलट नट दीड मिलिमीटर उतरवला तर त्याच जागी तार जवळजवळ १.४ मिलिमीटर खाली येते. चौथ्या महिन्यात मी पैसे मोजून ज्या टोकाचं काम करून घेतलं, त्याचा माझ्या दुखण्याशी संबंधच नव्हता. एकेका तारेवर पंचवीस-तीस किलोचा ताण असतो. ती तार टेकूपासून अवघ्या ६ सेंटीमीटरवर खाली वाकवायची, म्हणजे तिथला प्रत्येक मिलिमीटर हाताला जाणवणारच. शिवाय जास्त खोल दाबल्याने तार आणखी ताणली जाते आणि सूर किंचित चढतो. माझा बी फ्लॅट कायम चढा लागायचा, त्याचंही थोडं कारण तिथेच होतं.

नंतर वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे गेले. त्याने एकेक तार सैल करून बाजूला घेतली, खाचेत बारीक गोल कानस फिरवली, पुन्हा तार चढवून कार्डाने मापलं, पुन्हा कानस. चारही तारा एकदम सैल केल्या नाहीत, कारण आतला साउंडपोस्ट चिकटवलेला नसतो. तो तारांच्या दाबाने वरचा आणि मागचा पाट यांच्यामध्ये अडकून उभा असतो, दाब गेला की आडवा पडू शकतो. खाचांचा उतार खुंट्यांच्या बाजूला ठेवला, वरचं जास्तीचं लाकूड काढलं आणि शेवटी खाचांतून पेन्सिलीचं शिसं फिरवलं, म्हणजे सुरात लावताना तार अडकत नाही. वीस मिनिटं. त्याने सांगितलेले पैसे इतके कमी होते की मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. चौथ्या महिन्यातल्या ब्रिजच्या कामाच्या पाव भागसुद्धा नाहीत.

इथे माझं एक मत बदललं, तेही सांगायला हवं. सुरुवातीला मी कारखान्यावर चिडले होते. कारागीर म्हणाला, नट उंच ठेवूनच वाद्य बाहेर पडतं आणि ते योग्यच आहे. लाकूड घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही. खाच जास्त खोल गेली तर उघडी तार फिंगरबोर्डवर आपटून खरखरते. तंबोऱ्यात जवारी काढायला कारागीर मेहनत घेतो, इथे तशी कुरकुर नको असते, आणि ती आली की नटाखाली पट्टी घाला नाहीतर नवा नट बसवा. त्यामुळे अखेरचं माप विकणाऱ्याने किंवा घेणाऱ्याच्या कारागिराने घ्यायचं, हीच रीत. कारखान्यावरचा राग त्यामुळे गेला. विकणाऱ्यांवरचा मात्र वाढला. त्यांच्या माणसाने माझ्या घरी उभं राहून ब्रिजवर तासभर काम केलं, तारांची उंची फूटपट्टीने मोजली आणि तारेच्या दुसऱ्या टोकाकडे एकदाही पाहिलं नाही. मी तक्रार नेमकी कुठल्या सुरांची करते आहे, हे त्याला फोनवर आणि समोर, दोनदा सांगितलं होतं. नवव्या महिन्यात मी त्यांना मापं आणि फोटो पाठवून निदान ब्रिजचे पैसे परत मागितले. ‘नटाची उंची हा दोष धरला जात नाही,’ असं उत्तर आलं. बिलावर सेटअप लिहिलंय त्याचं काय, या प्रश्नाला अजून उत्तर नाही. मी दर पंधरा दिवसांनी विचारते.

बाकी वाद्याबद्दल. प्लायचा बेस घेतल्याची मला पहिले काही महिने खंत होती, आता अजिबात नाही. दमट हवेत पाट फुगून तारा वर चढतात, कोरड्या हवेत उतरतात, हे माझ्या बेसवरही होतं, पण थोडंच. सरांच्या कोरीव बेसला या वर्षात एक सांधा सुटला, माझ्याला काही झालं नाही. सांधा सुटणं तसं घाबरण्यासारखं नसतं. जुन्या पद्धतीचा सरस मुद्दाम लाकडापेक्षा कमजोर ठेवतात, म्हणजे ताण आला तर पाट तडकण्याऐवजी सांधा सुटतो आणि पुन्हा चिकटवता येतो. तरी शिकण्याच्या काळात मला ती काळजी नको होती. आवाजात माझं वाद्य बोने वाजवताना थोडं बंद वाटतं, बोटाने छेडताना छान मोकळं. मला इतक्यात याहून जास्त नको.

फिंगरबोर्ड रंगवलेला आहे आणि पहिले दोन महिने बोटं काळी व्हायची. एबनीपेक्षा हे लाकूड मऊ, त्यामुळे तारांच्या रेघा लवकर उमटणार आणि रंधून घ्यावा लागणार, हे धरून चालले आहे. सोबत आलेल्या तारा बधिर होत्या. नवीन संचाची किंमत ऐकून मी वापरलेला घेतला, डॅडारिओचा हेलिकोर हायब्रिड, मीडियम. स्टीलच्या तारा वर्षानुवर्षं चालतात, बेस वाजवणारे सतत संच बदलून पाहतात आणि उरलेले स्वस्तात विकतात. आपल्या वाद्याची तारेची लांबी जुळते का आणि तारेला मोड पडलेली नाही ना, एवढं पाहायचं. पैसे वाचवायची या सगळ्या खरेदीतली ही सर्वांत चांगली जागा. बो मात्र जो सोबत येतो त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. रोझिन, म्हणजे बोला लावायची राळ, बेसचंच घ्या, व्हायोलिनचं इतक्या जाड तारेला पकडत नाही. बेसचं मऊ असतं आणि उन्हात पिशवीच्या खिशात वितळून पसरतं, माझं पसरलं. पिशवी बरी आहे. एन्डपिनचा स्क्रू बदलला.

अंगठा आता ठीक आहे. सर पहिल्या दिवसापासून सांगत होते की अंगठ्याने आवळू नकोस, कोपरापासून हाताचं वजन मागे टाक, तार आपोआप खाली जाईल. मला वाटायचं मला ते जमत नाही. नट उतरल्यावर आठवडाभरात जमलं. उंच नटावर वजन पुरत नव्हतं म्हणून हात आवळायला धावत होता, आणि ती सवय सोडायला मला आणखी महिना लागला. पैशांपेक्षा हे मला जास्त लागलंय. चुकीच्या मापावर शिकलेला हात नंतर पुन्हा शिकवावा लागतो.

गेल्या आठवड्यात एक मैत्रीण जुना बेस पाहायला जाणार होती, मी सोबत गेले. खिशात कार्डं होती. आधी फिंगरबोर्डच्या टोकाशी नाही, नटाशी मापलं. ई, डी आणि जी तारांखाली एकेक कार्ड नीट गेलं. ए तारेखाली गेलंच नाही, खाच झिजून खोल गेली होती, आणि उघडी ए छेडली तर खरखर ऐकू आली. बाकी वाद्य खणखणीत, कडेने बोटाच्या पेराने ठोकत फिरले तर कुठेही पोकळ आवाज नाही. विकणाऱ्या गृहस्थांना कार्ड दाखवलं. त्यांनाही ती खरखर दोन वर्षं छळत होती म्हणे, त्यांना वाटायचं तार खराब आहे. नव्या नटाचे पैसे त्यांनी किमतीतून स्वतःहून कमी केले. मैत्रिणीचा बेस सोमवारी कारागिराकडे जातोय.