205 जीटीआय, 19 महिने, 5,800 मैल आणि मागची फेंगडी चाकं

गाडी प्यूजो 205 जीटीआय, म्हणजे छोटी, चपळ हॅचबॅक, 1.6 लिटर इंजिनवाली, 1989 ची, पांढरी. राहतो कॉव्हेंट्रीला, मूळचा डोंबिवलीचा. गाडी घेऊन 19 महिने झाले आणि 5,800 मैल झाले, म्हणजे साधारण 9,300 किलोमीटर. रोजची गाडी वेगळी आहे, ही शनिवार-रविवारची, पण ऊन असलं की मंगळवारीही ऑफिसला काढतो. केवढ्याला घेतली ते विचारू नका, बायको हे वाचणार आहे.

आधी जुनी पार्श्वभूमी सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. ही माझी तिसरी फ्रेंच गाडी. इथे आल्यावर पहिली घेतली ती 106 जीटीआय, 1.6 चं 16 व्हॉल्व्ह इंजिन, 120 पीएस (म्हणजे जवळजवळ तेवढेच हॉर्सपॉवर), तेव्हा अशा गाड्या विद्यार्थ्यालाही परवडतील अशा भावात मिळायच्या. तेच इंजिन सिट्रोएनच्या सॅक्सो व्हीटीएसमधे, त्यामुळे पार्ट्सची ददात नव्हती. त्या गाडीचे पेडल इतके जवळजवळ होते की जाड सोलचे बूट घालून बसलं की ब्रेक दाबताना अ‍ॅक्सिलरेटर पण दाबला जायचा, म्हणून गाडीत एक जुने पातळ कॅनव्हासचे शूज कायम ठेवलेले. त्यानंतर रेनोची क्लिओ 182. ही तिघींमधली सगळ्यात वेगवान, दोन लिटरचं इंजिन, दोन सायलेन्सर मागे बरोबर मधोमध, आणि त्या सायलेन्सरच्या नादात स्पेअर चाकाची जागाच गेलेली. बसायला मात्र उंच, एसटीच्या ड्रायव्हरसारखं, स्टेअरिंग मांडीत घेतल्यासारखं. टायमिंग बेल्ट बदलायचा म्हटलं की धडकी, कारण पुल्यांना चावीची खाच नाही, सगळं खास टूलने लॉक करून करावं लागतं आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे ती टूल नसतात, तो तुम्हाला "होईल की" म्हणतो आणि तिथूनच पळायचं असतं. मुलगी झाली तेव्हा क्लिओ विकली. बेबी सीट बसत होती हो, बसत नव्हतं ते आमच्या दोघांचं त्या विषयावर.

तर 205.

सुरुवात कशी झाली तर डोंबिवलीत. आमच्या समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांनी 96 साली 309 घेतली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 90 च्या दशकात प्रीमिअर आणि प्यूजो यांनी मिळून ती काढली, कारखाना आपल्या कल्याण-शीळ रोडवरचा. 1.4 पेट्रोल नाहीतर 1.5 डिझेल. तेच डिझेल इंजिन नंतर मारुतीने झेनमधे पण घातलं, तो वेगळा विषय. सोसायटीत सगळे तिला पुजो म्हणायचे, "पुजोवाले काका". तोपर्यंत आम्ही पद्मिनी आणि 800 मधे वाढलेली मुलं, त्यामुळे ती गाडी म्हणजे परदेश वाटायचा, दार बंद करताना वेगळा आवाज यायचा, आणि काका गणपतीत गावाला जाताना आम्हा पोरांना टिळक नगरपर्यंत एक चक्कर मारून आणायचे. 97 मधे प्यूजो निघून गेली आणि काका पार्ट शोधत कुर्ल्याला जायला लागले.

माझ्या डोक्यात त्या गाडीची एक गोष्ट पक्की बसलेली. काही वर्षांनी तिची मागची चाकं फेंगडी झाली. म्हणजे मागून बघितलं तर चाकांची वरची बाजू आत झुकलेली आणि खालची बाहेर, म्हातारा माणूस पाय फाकवून उभा राहतो तशी. आम्हाला वाटायचं डिझाइनच असेल. काका म्हणायचे "लोड जास्त होतो रे". सहा माणसं आणि नारळाची पोती, लोड होताच.

आता मजा बघा. 309 चा पाया म्हणजे 205 चाच, आणि पाच दरवाजांच्या 205 चे दरवाजे 309 ला जसेच्या तसे लावलेले. 309 मुळात टॅलबॉट अ‍ॅरिझोना नावाने येणार होती, मग नाव बदलून प्यूजो झाली आणि 1985 मधे तिचं उत्पादन सुरू झालं ते रायटनला, म्हणजे माझ्या आत्ताच्या घरापासून गाडीने दहा-पंधरा मिनिटं. तो कारखाना 2006 मधे बंद झाला, आता तिथे मोठमोठी गोदामं आहेत, मी रोज त्यांच्यासमोरून जातो. म्हणजे मी लहानपणी जिथे राहायचो आणि आत्ता जिथे राहतो, दोन्हीकडे एकच गाडी बनत होती, आणि हे मला इथे येऊन चार वर्षं झाल्यावर कळलं.

त्यामुळे 205 बघायला गेलो तेव्हा विकणारा बॉनेट उघडून इंजिन दाखवत होता आणि मी सरळ गाडीच्या मागे जाऊन गुडघ्यावर बसलो. डावं चाक किंचित झुकलेलं. काकांची गाडी डोळ्यासमोर आली. त्या माणसाला वाटलं मी फार मोठा जाणकार आहे, आणि त्यावर मी 400 पौंड कमी करून घेतले.

हे मागचं अ‍ॅक्सल म्हणजे जुनी 205 घेणाऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. मागे एक आडवी जाड नळी असते, तिच्या दोन्ही टोकांना एकेक आर्म, आर्मचा दांडा नळीत शिरतो आणि आतल्या सुई-बेअरिंगवर फिरतो. स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार, म्हणजे पीळ बसणाऱ्या सळया. कल्पना झकास, जागा कमी लागते, डिकी मोठी मिळते. पण वयाने सील कडक झाले की पाणी आत जातं, ग्रीस धुऊन जातं, आणि मग त्या सुया दांडा खायला लागतात. दांडा झिजला की चाक झुकतं. लोडचा संबंध थोडा, पाण्याचा जास्त. डोंबिवलीच्या पावसात काकांच्या गाडीचं काय होणार होतं दुसरं.

माझ्या गाडीचं अ‍ॅक्सल मी घेतल्यावर पाचव्या महिन्यात उघडलं. एक रिटायर झालेले गृहस्थ आहेत, घरामागच्या शेडमधे फक्त हेच काम करतात, बोलतात कमी, चहा मात्र सारखा. त्यांनी डावा आर्म हातोडीने ठोकून बाहेर काढला तेव्हा आतून तपकिरी चिखल आला आणि त्या चिखलात बेअरिंगच्या सुया, शेवयांचे तुकडे पडावेत तशा, काही मोडलेल्या. दांड्यावर बोट फिरवलं तर खाचा लागत होत्या, नखाला. उजवा मात्र स्वच्छ निघाला, ग्रीस अजून पिवळं. एकाच गाडीच्या दोन बाजू, एकीचं सील फाटलेलं आणि दुसरीचं नाही, एवढाच फरक. नवीन आर्म, नवीन बेअरिंग, सील, रंग, सगळं धरून चार आकडी बिल झालं. परत येताना गाडी वेगळीच वाटली, मागून जो चर्र चर्र आवाज यायचा तो मी सीटचा समजत होतो, तो गेला.

आता चालवायला कशी. 115 पीएस, 900 किलोच्या आत वजन. आजची आपली स्विफ्ट पण वजनाला याच्याच आसपास असेल, म्हणजे आकड्यांत काही आकाश फाटत नाही. पण पॉवर स्टेअरिंग नाही, मधे कॉम्प्युटर नाही, त्यामुळे पुढच्या टायरखाली काय चाललंय ते तळहाताला कळतं, रस्त्यावरची डागडुजी, ओला पाला, पांढरा पट्टा, सगळं. पार्किंगला मात्र जिम लावल्यासारखं होतं, सुपरमार्केटमधे मी मुद्दाम लांब कोपऱ्यात लावतो. चारही बाजूंनी काच, खांब बारीक, मागे वळून बघायचं तर खरंच दिसतं. आत लाल कार्पेट. ते लाल कार्पेट मुलीला सगळ्यात आवडतं, तिच्यासाठी ही "लाल गालिचावाली गाडी".

1.6 का 1.9 हा वाद 205 वाल्यांमधे पुण्या-मुंबईसारखा आहे, संपत नाही. 1.9 ला 130 पीएस, 15 इंची चाकं, मागेही डिस्क ब्रेक. माझीला 14 इंची आणि मागे ड्रम. दोन्ही चालवल्या आहेत. 1.9 खालूनच ओढते, हायवेला बरी. 1.6 ला सतत गियर बदलत ठेवावं लागतं, पण ती वर चढते तेव्हा मोकळी चढते आणि नाकही हलकं वाटतं. मला 1.6 च आवडली, आणि खरं सांगायचं तर 1.9 परवडणारी पण नव्हती, मग आवडायला सोपं जातं.

आता चूक माझी. या गाडीबद्दल सगळे एकच सांगतात, वळणात अर्ध्यावर अ‍ॅक्सिलरेटर सोडू नको. कारण वजन सगळं पुढे, मागची बाजू आधीच हलकी, पाय काढला की उरलंसुरलं वजनही पुढे जातं आणि मागची चाकं रस्ता सोडतात. मला हे पाठ होतं. ऑक्टोबरमधे, रस्ता ओला, ऑफिसमधला एक पुणेकर मित्र शेजारी, राउंडअबाउटवर जरा जोरात शिरलो, मधेच वाटलं जास्त झालं आणि पाय आपोआप वर आला. पुढचं फारसं आठवत नाही, फक्त गाडी शांतपणे फिरली आणि आम्ही आलो त्याच दिशेला तोंड करून गवतावर उभे होतो. समोर कोणी नव्हतं म्हणून हे लिहितोय. दोन सेकंद कोणी बोललं नाही, मग मित्र म्हणाला, "मुद्दाम केलंस का?" मी हो म्हणालो. तो अजून ती गोष्ट सांगतो आणि मी अजून हो म्हणतो. पण त्यानंतर चारही टायर नवे टाकले, जुन्यांवरची नक्षी अजून भरपूर होती पण रबर दहा वर्षांचं, दगडासारखं.

रॅलीचं विचारतात लोक म्हणून, 1985 ला टिमो सालोनेन आणि 1986 ला युहा कांकुनेन 205 टर्बो 16 वर वर्ल्ड चॅम्पियन झाले हे खरं, पण तिचं इंजिन मधे, चारही चाकांना ड्राइव्ह, नियमासाठी रस्त्यावरच्या फक्त 200 बनवल्या. माझ्या गाडीचा आणि तिचा चेहरा तेवढा एक, आमच्या आडनावाचा एक मोठा क्रिकेटर आहे तसं.

बाकीचं पटापट सांगतो. अ‍ॅव्हरेज साधारण 12 चा पडतो, हळू चालवली तर जास्त, हळू चालवली जात नाही. पेट्रोल सुपरच घालतो, ई5, म्हणजे जास्तीत जास्त 5 टक्के इथेनॉलवालं, कारण 2021 पासून इथलं साधं पेट्रोल ई10, म्हणजे 10 टक्क्यांपर्यंतवालं आहे आणि जुन्या रबरी नळ्यांवर प्रयोग नको. बर्मिंगहॅमच्या मध्यात शिरलं की जुन्या, जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना प्रदूषणाचा आकार दिवसाचे 8 पौंड, गाडी 40 वर्षांची होईपर्यंत सुटका नाही, म्हणून तिकडची मिठाईची दुकानं रोजच्या गाडीने. हेडलाइट म्हणजे देवघरातली समई, सगळा करंट जुन्या स्विचमधून जातो, वेगळा रिले टाकल्यावर निम्मा प्रश्न सुटला. ऑइल प्रेशरचा काटा गरम इंजिनवर सिग्नलला उभं राहिलं की खाली येतो, पहिल्या उन्हाळ्यात मी घाबरून गाडी बाजूला घेतली होती, नंतर कळलं की ते असंच असतं, गाडी हलली की काटा वर जातो की नाही एवढंच बघायचं. गरम गाडी पुन्हा सुरू करताना कधी कधी आढेवेढे घेते, त्यासाठी हवेच्या सगळ्या नळ्यांचे क्लिप बदलले, एक नळी आतल्या बाजूला चिरलेली सापडली, दिसत नव्हती, वाकवल्यावर तोंड उघडायची.

जूनमधे आईबाबा आले होते. बाबांना बसवून फॉस वेने नेलं, जुना रोमन रस्ता, मैलोन् मैल सरळ, दोन्हीकडे शेतं. बाबा पंधरा मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "एसी नाही का रे?" नाही म्हटलं. परत आल्यावर मी कुलूप लावत होतो तर हे मागे जाऊन वाकून उभे. "ही सरळ आहेत रे. त्याच्या गाडीची अशी नव्हती." मी अ‍ॅक्सलचं सगळं समजावून सांगितलं, सुया, सील, पाणी. शेवटी म्हणाले, "म्हणजे नारळाचं काही नव्हतं. उगाच आम्ही त्याला पोती कमी भर सांगायचो." रात्री काकांना व्हिडिओ कॉल लावून गाडी दाखवली. काकांनी आधी किंमत विचारली. बायको तिथेच होती, मी म्हटलं नेटवर्क जातंय.

एमओटी, म्हणजे इथली गाडीची वार्षिक तपासणी, मार्चमधे आहे. त्याआधी हीटरचं काम करायचंय, पंखा फक्त शेवटच्या नंबरवर चालतो, बाकी तिन्हीवर गप्प. थंडी यायच्या आत झालं पाहिजे, नाहीतर सकाळी काच पुसायला मुलीची जुनी लंगोटी आहेच गाडीत.