शाळेसमोरची गल्ली: वन-वे करायची की शाळेच्या वेळेपुरती बंद ठेवायची?

आमच्या मुलीच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाने पुढच्या मीटिंगसाठी दोन पर्याय ठेवलेत. एक म्हणजे शाळेसमोरची गल्ली कायमची वन-वे करायची, आणि दुसरा म्हणजे शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास गल्लीच्या दोन्ही तोंडांना बॅरिकेड लावून गाड्या बंद करायच्या. ग्रुपवर रोज मेसेजवर मेसेज पडून राहिले, पण दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून कोणीच बोलून नाही राहिलं, म्हणून मी लिहिते. आपल्या नागपुरात प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, मानेवाडा कुठेही जा, वस्तीच्या आत अशाच गल्लीत शाळा आहेत, तर दुसऱ्या पालकांनाही कामात येईल.

आधी आमची सकाळ सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने ठरवलं की पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवायचे नाहीत, लेकरांची झोप पूर्ण व्हावी म्हणून, निर्णय चांगलाच आहे, पण त्यामुळे लहान मुलं आता बरोबर ऑफिसच्या गर्दीत येतात. गल्लीत दोन्ही बाजूंना घरच्यांच्या गाड्या उभ्या, मधे व्हॅन, ऑटो, आमच्या स्कूटी, आणि प्रत्येकाला गेटपाशीच सोडायचं असतं. मागच्या जुलैत पाऊस पडून राहिला होता, एका पालकाची मोठी गाडी रिव्हर्स येत होती आणि मागून पहिलीतला एक मुलगा छत्री तोंडापुढे धरून चालला होता, त्याचं डोकं मागच्या काचेच्याही खाली, ड्रायव्हरला दिसणार कुठून. एका व्हॅनवाल्या काकांनी डिक्कीवर जोरात थाप मारली म्हणून गाडी थांबली. गाडी चालवणारा माणूस काही बेदरकार नव्हता, घाईत होता, आणि त्याला सरळ निघता आलं नाही कारण पुढे आम्ही तिघी-चौघी स्कूटी लावून उभ्या होतो. हे मला विसरता येत नाही.

आता वन-वे. त्याचा मोठा फायदा म्हणजे समोरासमोर गाड्या अडकत नाहीत, बोर्ड लागले की रोज कोणाला उभं राहावं लागत नाही, आणि कोणत्याच पालकाला चालावं लागत नाही, म्हणूनच ग्रुपवर त्याला जास्त हात वर होऊन राहिले. पण गाड्या तेवढ्याच राहतात, थांबायची जागा तीच राहते, गेटपाशी दार उघडून लेकरू रस्त्याच्या मधेच उतरतं तेही तसंच. शिवाय समोरून कोणी येत नाही हे कळलं की माणूस आपोआप वेगात जातो. ताशी ३० च्या वेगाने गाडी एका सेकंदात ८ मीटर पुढे जाते, ४० ने गेली तर ११ मीटर, म्हणजे ब्रेकवर पाय पडायच्या आधीच तीन मीटरचा फरक, आणि आमच्या गेटपासून समोरचं कंपाउंड काही फार लांब नाही. आणि खरं सांगा, आपल्याकडे वन-वेमध्ये उलटी स्कूटी येणार नाही असं कोणी छातीठोक सांगू शकतं का? मुलं तर एकाच बाजूला पाहून रस्ता ओलांडतील, शाळेने तसंच शिकवलेलं असेल, आणि गाडी येईल दुसरीकडून. मला ही सगळ्यात मोठी भीती आहे.

वेळेपुरती बंदी हा काही हवेतला विचार नाही. इटलीतल्या बोल्झानो शहरात १९८९ पासून शाळांसमोरचे रस्ते भरायच्या-सुटायच्या वेळी बंद ठेवतात. लंडनमध्ये असे शेकडो रस्ते झालेत, तिथे बऱ्याच ठिकाणी नंबर प्लेट वाचणारा कॅमेरा दंड पाठवतो. २०२१ मध्ये त्यांनी काही शाळांपाशी हवा मोजली तर सकाळी सोडायच्या वेळेत नायट्रोजन डायऑक्साइड २३ टक्क्यांपर्यंत कमी झालेला सापडला. पॅरिसने तर मार्च २०२५ मध्ये आणखी ५०० रस्ते गाड्यांना बंद करायचे का यावर लोकांचं मत घेतलं, आणि मत देणाऱ्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश लोक हो म्हणाले, मतदान मात्र फारच कमी झालं होतं. आपल्या ग्रुपवर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे "मग गर्दी बाजूच्या गल्लीत जाईल ना?" याचंही उत्तर आहे. स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठाने २०२० मध्ये वेगवेगळ्या ठिकाणचे अनुभव तपासले, तर जवळपास सगळीकडे बंद गल्ली आणि आजूबाजूच्या गल्ल्या मिळून गाड्या कमीच झाल्या होत्या. गेटपर्यंत जाताच येत नाही म्हटल्यावर जवळ राहणारे गाडी काढतच नाहीत. आमच्यातही अर्ध्या किलोमीटरवरून कारने येणारे आहेत, नावं घेत नाही.

अडचणी याच्यातही आहेत. आपल्याकडे कॅमेरा नाही, म्हणजे माणसं लागतील, प्रत्येक तोंडाला दोन, सकाळी चार आणि सुटताना चार. शाळेचा गार्ड धरूनही रोज पालकांची पाळी लावावी लागेल, आणि दोन आठवड्यांनी उत्साह उतरतो हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. शिवाय पालकांना कोणाची गाडी अडवायचा कायद्याने अधिकार नाही, त्याला वाहतूक पोलिसांची अधिसूचना पाहिजे. पण इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ मध्ये रस्त्यावर वाहनांना बंदी घालायची तरतूद आहे, आणि बंदी एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात छापायची गरज नाही, स्थानिक पातळीवर लोकांना कळवलं की पुरतं. म्हणजे एक महिन्याचा ट्रायल मागणं बरंच सोपं आहे.

चालायचं म्हणाल तर आमच्याकडे गल्लीच्या तोंडापासून गेट सव्वादोनशे मीटर, लहान मुलाला चार-पाच मिनिटं. "एप्रिलच्या उन्हात काऊन चालवता लेकरांना" असं एक ताई म्हणाल्या, बरोबरच आहे, नागपूरचं ऊन आपल्याला कोणी सांगायला नको, पण तेव्हा आमची शाळा सकाळची होते आणि सुटताना गल्लीत गाड्यांमध्ये अडकून उन्हात उभं राहण्यापेक्षा पाच मिनिटं सरळ चालणं काही जास्त नाही. दप्तराचं म्हणाल तर २०२० च्या केंद्राच्या धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको असं आहे, २५ किलोच्या मुलाला अडीच किलो. त्याहून जड असेल तर ते भांडण शाळेशी करू.

व्हॅनवर मी बराच विचार केला. एक व्हॅन सात-आठ मुलं आणते, म्हणजे तेवढ्या घरच्या गाड्या कमी, तर त्यांना त्रास देणं चूक आहे. पण त्या मधेच आत-बाहेर करत राहिल्या तर गल्ली बंद कशाला म्हणायची? मला वाटतं बॅरिकेड लागायच्या दहा मिनिटं आधी व्हॅन आणि ऑटो आत येऊन इंजिन बंद करून उभे राहावेत, आणि बॅरिकेड उठल्यावरच निघावेत. गल्लीत राहणारे, ॲम्ब्युलन्स आणि ज्या मुलाला चालता येत नाही त्याच्या घरची गाडी, एवढ्यांना सोडायचं, तेही चालण्याच्या वेगाने, पुढे एक माणूस चालत. राहणाऱ्या काका-काकूंच्या बाजूने पाहिलं तरी वन-वेमुळे त्यांना रात्री ११ लाही वळसा पडेल, बंदीचा त्रास दिवसाला तासभर आहे.

स्पीड ब्रेकर दोन्हीत लागेलच, त्यावर वाद नको. वेगवेगळ्या वर्गांच्या वेळा पंधरा-वीस मिनिटांनी पुढे-मागे करणंही चांगलं, पण दोन लेकरं असलेल्या आईला मग दोनदा थांबावं लागतं.

तुमची शाळा वर्धा रोडसारख्या मोठ्या रस्त्यावर असेल, किंवा गल्लीतून 'आपली बस' म्हणजे सिटी बस जात असेल, किंवा आत दवाखाना असेल, तर बंदी जमणार नाही, तिथे वन-वे आणि पोलीस हेच बघा. उभं राहायला दहा पालकही तयार नसतील तरीही बॅरिकेडच्या भानगडीत पडू नका, कारण अर्धवट बंदीत मुलं रस्ता मोकळा समजून मधे धावतात आणि गाडी येते.

आमच्या गल्लीसाठी माझं मत बंदीला आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक महिना करून बघू, थंडी असते, चालायला कोणाची ना नसेल. सुरू करायच्या आधी तीन दिवस आपली आणि बाजूची, दोन्ही गल्ल्यांतल्या गाड्या वहीत मोजू, मग शेवटच्या आठवड्यात पुन्हा तीन दिवस मोजू. सोमवार आणि शुक्रवार सकाळी चौकाकडच्या तोंडाला मी उभी राहते, माझं नाव लिहून घ्या.