दोर की बकेट, हातकरवत की चेन सॉ: झाडं उतरवायच्या धंद्यात येणाऱ्यांसाठी

दर वर्षी फेब्रुवारी-मार्च आला की एक-दोन पोरं विचारायला येतात, "दादा, चेन सॉ कुठली घेऊ?" कुणी सह्याद्रीतले कडे चढणारा असतो, त्याला गाठी येतात. कुणी गावाकडचा असतो, तो दोराशिवायही सरसर शेंड्याला जातो. दोघांचाही समज एकच: यंत्र हातात आलं की धंदा सुरू. मी सांगतो, चेन सॉ सगळ्यात शेवटी घे. आधी ठरवायच्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच पोटावर नव्हे तर पाठीच्या मणक्यावर येणाऱ्या आहेत.

बकेट की दोर?

पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्यावर दिसते ती हायड्रॉलिक बकेटवाली गाडी, माणसाला पाळण्यात उभं करून वर नेणारी. पायाखाली पक्का तळ, दोन्ही हात मोकळे, आणि नवा माणूस काही दिवसांत कामाला लागतो. ठेकेदाराच्या टोळीत शिरायचं तर हाच सोपा दरवाजा. पण गाडीला उभं राहायला पक्की, सपाट जमीन लागते. सोसायटीच्या फाटकातून ती आत येत नाही आणि बंगल्याच्या मागच्या आंब्यापर्यंत तर मुळीच पोचत नाही. दुसरं असं की बकेट झाडाला बाहेरून भिडते. हात पोचेल तेवढं कापते, म्हणजे रस्त्याकडचं. शहरातली कितीतरी झाडं एका अंगानं भादरलेली आणि दुसऱ्या अंगाला कललेली दिसतात, त्याचं एक कारण हे आहे. पुढे वादळात ती कुठल्या बाजूला पडतात, हे वेगळं सांगायला नको.

दोरावरचा माणूस खोडाकडून बाहेर जातो. कुठली फांदी कुठल्या फांदीवर घासते, कुठल्या बेचक्यात साल दबून चीर पडली आहे, बांडगूळ नेमकं कुठे रुजलं आहे, हे त्याला दिसतं. खर्चही कमी: हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा), दोर, हेल्मेट, चार-सहा कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या) आणि हातकरवत एवढ्यावर काम सुरू होतं. किंमत मोजायची ती शिकण्याच्या वेळात. निदान एक अख्खा हंगाम कुणाच्या तरी हाताखाली काढावा लागतो.

एका जागी मात्र मी डोळे मिटून बकेट म्हणतो. मेलेलं किंवा आतून पोखरलेलं झाड. मुंबईत पिठ्या ढेकणानं रेन ट्री उभ्या उभ्या वाळल्या, तशा झाडावर दोर टाकायचाच नाही. चढण्याआधी बुंध्याभोवती एक फेरी मारा. मुळाशी अळंबी उगवली आहे का, वाळवीची माती चढली आहे का, लाकडी हातोडीनं ठोकलं तर आवाज पोकळ येतो का, हे बघा. शंका आली तर गाडी मागवा, नाहीतर काम सोडा. सोडलेल्या कामाचे पैसे बुडतात, तेवढंच.

तिसरा पर्याय म्हणजे शिडी. ती स्वस्त वाटते. पण कापलेली फांदी सरळ खाली पडत नाही, ती झुलते, आणि झुलून शिडीच्या पायावर येते. शिवाय वजन उतरलेली उरलेली फांदी वर उचलली जाते आणि टेकवलेली शिडी आधार सोडते. शिडीवरून करवत चालवू नका, यावर माझ्याकडे दुसरं मत नाही.

दुहेरी दोर की एकेरी?

ट्रेकिंगवाल्या पोरांशी माझा वाद इथेच होतो, म्हणून थोडं सविस्तर.

दुहेरी पद्धतीत दोर फांदीवरून जाऊन परत तुमच्याकडे येतो आणि तुमच्याबरोबर सरकत राहतो. एक टोक हार्नेसला, दुसऱ्या बाजूवर घर्षणाची गाठ: प्रुसिक किंवा ब्लेक. (प्रुसिक ही ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक या गिर्यारोहकाची, १९३१ सालची. त्याला झाडांशी देणंघेणं नव्हतं.) १ मीटर वर जायला २ मीटर दोर ओढावा लागतो, म्हणून चढाई संथ होते. पण वजन दोन पदरांत वाटलं जातं, त्यामुळे साध्या गाठीवर काम भागतं, आणि वर-खाली दोन्हीकडे एकाच गाठीनं जाता येतं. साल घासली जाते, तेवढ्यासाठी फांदीवर कडीवाला पट्टा टाकावा. १५ मीटरच्या झाडाला ३५ ते ४० मीटर दोर धरा.

एकेरी पद्धतीत दोर जागचा हलत नाही, तुम्ही त्याच्यावरून वर जाता. पाय वापरता येतात, दम कमी लागतो, उंच रेन ट्रीवर दिवसातून तीनदा चढायचं असेल तर फरक कळतो. पण आता पूर्ण वजन एकाच पदरावर असतं. नुसती गाठ आवळून बसते, सुटता सुटत नाही, म्हणून रोप रेंचसारखं, घर्षण वाढवणारं जास्तीचं साधन लागतं, आणि ते महाग असतं. बहुतेक जण विसरतात ते वेगळंच. दोर फांदीवरून नेऊन बुंध्याला बांधला तर वरच्या फांदीवर तुमच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो. माणूस ७० किलोचा, फांदीला १४०. शिवाय बुंध्याकडे गेलेला पदर तुमच्या पाठीमागे असतो आणि करवतीच्या वाटेत येऊ शकतो. उलट बाजू अशी की बुंध्याशी सोडता येईल असं साधन लावलेलं असेल तर वर बेशुद्ध पडलेल्याला खालचा माणूस उतरवू शकतो. ही सोय खरंच मोलाची आहे.

पहिलं वर्ष दुहेरी. मग एकेरी. कड्यांवरून आलेल्यांनी दोन गोष्टी घरी ठेवून याव्यात. एक, ताणणारा गिर्यारोहणाचा दोर, कारण त्यावर तुम्ही दिवसभर रबराला लटकल्यासारखे हिंदकळता. दुसरा, नुसता जुमार, म्हणजे दोर पकडून एकाच दिशेला सरकणारी मूठ: तो वर नेतो, पण मोहोळ उठलं तर पटकन खाली आणत नाही. आणि मोहोळ उठतं. मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ असतंच असं धरून चाला. खालून दुर्बिणीनं बघा, माळ्याला विचारा.

फांदीवर दोर टाकायला आधी बारीक दोरीला छर्ऱ्याची ३०० ते ४०० ग्रॅमची पिशवी बांधून ती फेकतात. लहानपणी शेतात गोफण चालवलेली पोरं यात शहरातल्यांना सहज मागे टाकतात.

करवत

जपानी धाटणीची वाकडी करवत, पातं ३० ते ३३ सेंटिमीटर, ओढताना कापणारी. मनगटाएवढी फांदी हां हां म्हणता जाते. छाटणीचं बहुतेक काम हीच करते, आणि ती हातातून सुटली तरी दोरीला लटकून राहते. कोयता मी वर नेत नाही. त्याच्या घावानं फांदी फाटते, आणि निसटलेला घाव दोरावर बसला तर दोर तिथेच जातो.

बॅटरीची सॉ शांत असते. कापायच्या क्षणी बटण, नाहीतर बंद. झाडावर बसून दोरी ओढून इंजिन चालू करायची कसरत नाही. सोसायटीत दुपारी काम असेल तर शेजारचे आजोबा खिडकीतून ओरडत नाहीत. जाड लाकडात मात्र बॅटरी लवकर उतरते, आणि जोडीला दुसरी बॅटरी घ्यावी लागते.

पेट्रोलची वरच्या मुठीची लहान सॉ साडेतीन-चार किलोची. लिटरला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल, म्हणजे ५०:१. ताकद तिची, यात वाद नाही. पण ती मूठ पाहून एका हातानं चालवायचा मोह होतो, आणि पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की ती उसळून तोंडाकडे येते. दोन्ही हात यंत्रावर हवेत, म्हणजे त्याआधी मुख्य दोराशिवाय तारेच्या गाभ्याचा दुसरा दोर खोडाभोवती घालून स्वतःला अडकवायला हवं. सॉची पँट अंगात हवी. तिच्यातले तंतू साखळीत गुंतून ती अडवतात. पहिल्या वर्गाची पँट सेकंदाला २० मीटर वेगाच्या साखळीवर तपासलेली असते, पुष्कळ यंत्रांची साखळी त्याहून जोरात पळते. पुण्याच्या मे महिन्यात ती पँट म्हणजे अंगात भट्टी, मला मान्य आहे. म्हणूनच म्हणतो, पहिल्या वर्षी हातकरवत.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. ३० सेंटिमीटर जाडीचा, १ मीटर लांबीचा ओला ओंडका साधारण ७० किलोचा भरतो. एका माणसाएवढा. तो दोरानं सोडताना झटका त्याच्या कितीतरी पट बसतो. सॉ असली की असे ओंडके भराभर पाडता येतात, पण खाली दोर सैल सोडत नेणारा जाणता माणूस नसेल तर पत्रे, गाड्या, कुंपण यांचा हिशेब तुमच्या नावावर. सॉच्या पैशात तो माणूस वर्षभर सांभाळा. त्याला वर चढून तुम्हाला उतरवताही आलं पाहिजे.

पैसे कापायचे नसतात, कुठे कापायचं त्याचे असतात

फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर वलय असतं. घाव त्याच्या बाहेर. खोडालगत सपाट कापलं की ते वलय जातं आणि कूज आत शिरते. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं चिरून हे दाखवलं: झाड जखम भरून काढत नाही, ते तिच्याभोवती भिंत घालतं. जड फांदी तीन कापांत: फूटभर बाहेर खालून खाच, त्याच्या थोडं पुढे वरून काप, मग वलयाशी शेवटचा. जखमेला रंग फासायची गरज नाही, हेही शिगो सांगत. कोकणात जुन्या हापूसची छाटणी करायला गेलात तर मात्र बागायतदार बोर्डो पेस्ट लावायला सांगतील, मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. लावा. तिथला खोडकिडा आणि बुरशी त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त पाहिली आहे.

कोकणातच काम करायचं असेल तर माड हा वेगळाच विषय. वर दोर टाकायला फांदी नाही, आणि माडाला जखम झाली की ती कायमची, कारण आंब्यासारखा सालीखालचा वाढीचा थर त्याला नसतो. म्हणून टोकदार काटे लावून माड चढू नका. पायऱ्यांच्या खाचाही नकोत. पेडलचं यंत्र आणि सोबत कमरेचा दोर. गोव्यातल्या पाडेलीची, म्हणजे नारळ उतरवणाऱ्याची, चपळाई यंत्राला नाही, पण यंत्रावर शिकायला आठवडा पुरतो. माडाचं काम वर्षभर फिरून येतं, शहरातलं मात्र एप्रिल-मे आणि वादळानंतरचे दिवस. निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, रायगडच्या किनाऱ्यावर आडव्या झाडांचं काम किती महिने चाललं, ते तिथल्या बागायतदारांना विचारा.

ठेकेदाराकडे रोजंदारी मिळते, परवानगीची डोकेदुखी त्याची. स्वतंत्र झालात की ती तुमची. शहरात १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी, गावात १९६४ चा वेगळा कायदा. ५० वर्षांहून जुन्या झाडाला शहरात २०२१ पासून आणखी कडक नियम. मालक "कागद होईल" म्हणतो, आणि पंचनाम्याच्या वेळी झाडावर सापडता तुम्ही. मला एकदा असं उतरावं लागलं आहे, दोर तसाच वर लटकत ठेवून. आता कागदाची प्रत खिशात असल्याशिवाय मी पिशवी फेकत नाही. पावसाळ्यात बगळ्यांची वीण असते, घरटी दिसली तर कागद असूनही थांबतो.

सराव कुठल्या झाडावर करायचा, हेही पोरं विचारतात. गुलमोहर आणि शेवगा नको, दोन्ही न सांगता मोडतात. चिंच घ्या. लाकूड चिवट, बेचकी रुंद. चिंचेवर हडळ असते असं आजी सांगायची, मला आजवर तिथे फक्त मुंग्या भेटल्या. पहिले आठ दिवस करवत खालीच ठेवा: नुसतं चढायचं, टोकापर्यंत जायचं, आणि तिथून एका गाठीवर सावकाश उतरायचं.