दगडी फार्महाऊस, तीन मुक्काम : थंडीत जाणार असाल तर आधी भिंत किती अंशांवर आहे ते विचारा

जानेवारीच्या मुक्कामाहून परतून चार दिवस झाले होते, तेवढ्यात मालकांचा फोटो आला. खालच्या मजल्यावरची पश्चिमेची खोली, पलंग पुढे ओढलेला आणि मागच्या भिंतीवर पंजाएवढे दोन काळे डाग. खाली एकच ओळ : ‘ही बुरशी तुमच्या मुक्कामात आली, डिपॉझिटमधून कापून घेतो.’ चौदा जणांची वर्गणी गोळा करणारी मी, हिशेब वहीत लिहून ठेवणारीही मीच. गप्प बसणं शक्य नव्हतं. पण त्या डागांच्या मागे लागले आणि या घराबद्दल माझं स्वतःचंच मत दोनदा बदललं, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे. मालकांशी आता संबंध चांगले आहेत, त्यामुळे नाव-ठिकाण देत नाही.

पहिल्यांदा गेलो ते मे महिन्यात. डोंगरउतारावरचं जुनं शेतघर, साठ सेंटिमीटर जाडीच्या भिंती, लहान खोल खिडक्या, जिथे पूर्वी गुरं बांधत तिथे आता दोन झोपायच्या खोल्या. बाहेर ऊन चटके देत होतं आणि आत शिरलं की माठाजवळ बसल्यासारखं वाटायचं. सासूबाई तर दुपारभर भिंतीला पाठ टेकून बसायच्या. स्वयंपाकघर मोठं, चौदा जण एका टेबलाला बसतात, भांडी पुरेशी, गाद्या ठीक. गरम पाण्याची टाकी मात्र दीडशे लिटरची आहे, पाच-सहा आंघोळींनंतर थांबावं लागतं. निघताना मी सगळ्यांना ठामपणे सांगितलं, ‘एवढ्या जाड भिंती आहेत, थंडीत घर उबदार राहील.’ त्याच भरवशावर जानेवारीच्या पाच रात्री बुक केल्या.

माझा तो समज साफ चुकीचा होता. जाड दगड म्हणजे ऊब अडवणारा दगड, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ग्रॅनाइटसारखा घट्ट दगड उष्णता सहज वाहून नेतो. साठ सेंटिमीटरची भिंत उष्णता अडवण्यात जेमतेम एक-दोन सेंटिमीटर थर्मोकोलच्या तोडीची असते. दगडाचा खरा गुण वेगळा आहे : तो उशिरा तापतो आणि उशिरा निवतो. उन्हाळ्यात दुपारचं ऊन आतपर्यंत पोचायला रात्र उजाडते, म्हणून मे महिन्यात सुख. जानेवारीत तीच भिंत आठवडाभराची थंडी पोटात घेऊन उभी असते.

आम्ही संध्याकाळी पोचलो तेव्हा घर दहा दिवस बंद होतं. भाच्याकडे इन्फ्रारेड थर्मामीटर होता, त्याने बैठकीच्या भिंतीवर धरला : ५ अंश. शेगडी पेटवली, ओतीव लोखंडाची, चांगली दमदार. चार तासांत हवा २० अंशांवर आली आणि भिंत फक्त ८. हवा २० असूनही सगळे शाली गुंडाळून बसले होते. आपल्या अंगाला हवा आणि भोवतीचे पृष्ठभाग यांची साधारण सरासरी जाणवते, म्हणजे आम्ही १४ अंशांच्या खोलीत बसलो होतो. दीर सारखे म्हणत होते, ‘वहिनी, अजून दोन ओंडके टाका.’ मी टाकत होते आणि वहीत टोपल्या मांडत होते, कारण लाकूड टोपलीच्या हिशेबाने वेगळं आकारतात.

रात्री झोप लागेना म्हणून मी आकडेमोड केली. बैठकीच्या भिंतींचं क्षेत्रफळ साधारण ४० चौरस मीटर, म्हणजे २४ घनमीटर दगड, घनमीटरला अडीच टन धरले तर ६० टन. त्याचा आतला अर्धा भाग फक्त एक अंशाने तापवायला सात युनिट (वीजबिलातलं युनिट, म्हणजे एक किलोवॅट तासभर) उष्णता लागते. खोलीतल्या हवेला एका अंशासाठी युनिटाचा तिसावा भाग पुरतो. दगड दहा अंशांनी वर आणायचा तर ७० युनिट. आठ किलोवॅटची शेगडी नऊ तास धडधडली आणि सगळी ऊब भिंतीतच गेली तर हे जमेल, आणि सगळी ऊब भिंतीत कधीच जात नाही. निम्मी धुराडं, फटी आणि छपरातून निघून जाते. त्यात अर्धी लाकडं ओली होती. ओला ओंडका ओळखायला सोपा आहे : पेटताना सूं सूं आवाज येतो आणि कापलेल्या टोकाला बुडबुडे फुटतात. लाकडात वीस टक्क्यांहून कमी ओल हवी, त्यासाठी ते फोडून वर्ष-दीड वर्ष छपराखाली वाळवावं लागतं.

पहिल्या दोन दिवसांत नऊ टोपल्या जळाल्या. मी मनात एका स्टारवर आले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेगडी विझलेली होती, बाहेर बर्फ, आणि मी पायमोजे न घालता स्वयंपाकघरात गेले हे मला नंतर लक्षात आलं. भिंतीवर हात ठेवला. गरम नव्हती, पण हात मागे घ्यावासा वाटेना. थर्मामीटर १५ म्हणाला. शेगडी विझून सहा तास झाले होते तरी हवा १७ अंशांवर होती. त्या दिवसापासून दिवसाला एकच टोपली लागली आणि घरात जी ऊब होती ती कुठल्याही हीटरच्या खोलीत मला मिळालेली नाही. तोंडावर गरम झोत नाही, पाय गार नाहीत, चारी बाजूंनी सारखी ऊब. सासूबाई पुन्हा भिंतीला टेकून बसल्या. आणि दोन दिवसांनी आम्ही निघालो. तापलेला दगड पुढच्या पाहुण्यांसाठी ठेवून आलो, लाकडाचे पैसे आमचे.

आता त्या डागांकडे येते. आम्ही भिंत ओली केली हे खरं आहे. झोपलेला माणूस श्वास आणि घाम मिळून तासाला साधारण ४० ग्रॅम वाफ सोडतो. चौदा जण, आठ तास, म्हणजे रात्रीतून साडेचार लिटर पाणी हवेत. हवा २० अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो आकडा, ९ अंशांच्या जरा वर येतो. आमची भिंत ८ वर होती. दव धरणारच, पलंगामागे तर जास्तच, कारण तिथे हवा खेळत नाही. पण काळी बुरशी पाच दिवसांत एवढी पसरत नाही. मे महिन्यातले मुलांचे फोटो चाळले, तर एकात पुतणी त्याच पलंगावर उड्या मारते आहे आणि मागे तोच डाग, फिकट, पण त्याच आकाराचा. तो फोटो पाठवला. शिवाय ओल फक्त पश्चिमेलाच का, उत्तरेच्या भिंतीला का नाही, हेही विचारलं.

त्याचं उत्तर बाहेरून दिसत होतं. उत्तरेच्या भिंतीत दगडांमधल्या दरजा जुन्या चुन्याच्या आहेत, पश्चिमेच्या अलीकडे सिमेंटने भरल्यात. पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच १८२४ चं, आणि या घराच्या चौकटीवर कोरलेलं साल त्याआधीचं आहे, म्हणजे मुळात इथे हे सिमेंट नव्हतंच. चुना पाणी शोषतो आणि परत हवेत सोडतो. सिमेंट घट्ट असतं, बारीक भेगांतून पाऊस आत जातो आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. ओला दगड कोरड्यापेक्षा जास्त उष्णता वाहून नेतो, म्हणून तीच भिंत सगळ्यात गार. विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली स्थापन केलेली इंग्लंडमधली जुन्या इमारती जपणारी संस्थाही अशा भिंतींना चुनाच वापरायला सांगते. मी हे सगळं न भांडता लिहिलं. दोन दिवसांनी मालकांचा फोन आला, ‘ताई, गवंडीही हेच म्हणाला.’ डिपॉझिट पूर्ण परत आलं.

म्हणून फेब्रुवारीअखेर तिसऱ्यांदा गेलो, चार रात्री, पण आधी बोलून ठरवून. आमच्या आधीचे पाहुणे गेल्यावर घर गार होऊ द्यायचं नाही, आदल्या दिवशी सकाळपासून शेगडी चालू ठेवायची, त्या चार टोपल्यांचा अर्धा खर्च आमचा. लाकूड कोरडं हवं. पलंग भिंतीपासून वीतभर पुढे. सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या : ओलसर हवा जाते, दगडातली ऊब जात नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तिथे आहे, तरी मी स्वतःचा नेते, रात्रभर लाकूड जळणाऱ्या घरात मुलं झोपतात. चार रात्रींत आमच्या हातून पाच टोपल्या जळाल्या.

चार स्टार देते. पाचवा पश्चिमेच्या भिंतीतलं सिमेंट निघाल्यावर देईन, मालक पावसाआधी ते काम काढणार आहेत. थंडीत दोन रात्रींसाठी हे घर घेऊ नका, पैसे दगडात जातात. फेब्रुवारीत निघायच्या आदल्या रात्री मालकांनी फोटो पाठवला होता : बैठकीची भिंत, त्यावर थर्मामीटरचा लाल ठिपका, आकडा १४. मी तो सगळ्यांना पुढे पाठवला आणि बॅगेतल्या दोन जाड गोधड्या काढून ठेवल्या.